अण्णांनी न वाजवलेला बॅगपाइप

ज्या उन्हाळ्यात आम्ही कॅराव्हॅनमध्ये राहत होतो, त्याच उन्हाळ्यात माझे वडील, अण्णा, आमच्याकडे आले. खरं तर त्यांना बोलवायची ती वेळच नव्हती. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझ्या नवऱ्याची लंडनजवळच्या स्लाऊमधली नोकरी गेली होती, भाड्याचं घर आम्ही सोडलं होतं, आणि मी लोकम डॉक्टर म्हणून, जिथे कुणी रजेवर जाईल त्या हॉस्पिटलमध्ये दोन-तीन आठवडे काम करत होते. सेकंडहँड कॅराव्हॅन गाडीमागे जोडून आम्ही नवराबायको आणि दोन मुली गावोगाव फिरत होतो. पण आई जाऊन वर्ष झालं होतं, भावाने अण्णांचं तिकीट आधीच काढलं होतं. फोनवर अण्णा म्हणाले, "माझं काय, मी कुठेही झोपेन."

ते जेवणाच्या टेबलावर झोपायचे. रात्री टेबल बाकांच्या पातळीला खाली घेऊन वर गाद्या टाकल्या की त्यांचा पलंग व्हायचा. सकाळी आम्ही उठायच्या आत सगळं आवरून, कॅराव्हॅन लावायच्या साइटच्या नळावरून पाण्याचा कॅन भरून ते बाहेर खुर्चीत बसलेले असायचे, कानटोपी घालून. ऑगस्टमध्ये कानटोपी! मुलींना फार हसू यायचं.

अण्णा आमच्या जिल्ह्याच्या पोलीस बँडमध्ये होते. जवळजवळ तीस वर्षं त्यांनी बॅगपाइप वाजवला. घरी रोज सकाळी एका काळ्या पिपाणीवर बोटांचा सराव चालायचा, तासभर, तीच तीच धून. शाळेत मला मुली 'बँडवाल्याची मुलगी' म्हणायच्या. वरातीतला बँड वेगळा आणि पोलीस बँड वेगळा, हे सुरुवातीला मी भांडून सांगायचे, मग सांगणं सोडून दिलं. मेडिकलला गेल्यावर वडील काय करतात या प्रश्नाला 'पोलिसात आहेत' एवढंच उत्तर द्यायला लागले. इकडे आल्यावर त्याचं 'पोलीस ऑफिसर' झालं. कधी झालं, मलाही आठवत नाही.

त्या महिन्यात माझं काम ग्लासगोच्या उत्तरेकडच्या एका छोट्या हॉस्पिटलमध्ये होतं. तिथले कन्सल्टंट, आमच्या विभागाचे मुख्य डॉक्टर, माझ्यावर खूश होते. माझ्या हाताखाली रजिस्ट्रार डॉक्टरची जागा निघणार आहे, अर्ज कर, असं त्यांनी आपणहून सुचवलं होतं. दोन वर्षांची जागा, सोबत राहायला फ्लॅट, मुलींना एकच शाळा. माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. जवळच्या गावात शनिवारी स्कॉटिश खेळांची आणि संगीताची जत्रा असते, तिथे फॅमिलीला घेऊन ये, असंही त्यांनीच सांगितलं.

शनिवारी सकाळी पोहे खाऊन, चहाचा थर्मास घेऊन आम्ही निघालो. मैदानावर नुकता पाऊस पडून गेला होता, सगळीकडे चिखल. एकीकडे झाडाच्या खोडाएवढा ओंडका उभा उचलून फेकायची स्पर्धा चालली होती, दुसरीकडे लाकडी स्टेजवर लहान मुली हात वर करून नाचत होत्या. माझ्या मुली तिथेच रमल्या. प्रत्येक घराण्याचा एकेक तंबू, त्यावर त्यांच्या चौकड्यांचं कापड. नवरा अण्णांना एकेक गोष्ट समजावून सांगत होता. अण्णा 'हो, हो' म्हणत होते, पण त्यांचा कान दुसरीकडेच होता.

तंबूंच्या मागे, स्पर्धेआधी एक बँड गोल उभा राहून पाइप जुळवत होता. अण्णा तिकडे चालू लागले. मी मागोमाग गेले, धाकटीही माझा हात धरून आली. तेव्हा ती आठ वर्षांची होती.

बराच वेळ ते नुसते ऐकत उभे राहिले. त्यांची बोटं थर्मासच्या पट्ट्यावर हलत होती. मग मला हळूच म्हणाले, "त्या टोकाच्या पोराची एक नळी उतरलीय गं. खांद्यावरची, बाहेरची."

"असू दे अण्णा."

पण तेवढ्यात त्या पायपरने त्यांच्याकडे पाहिलं. तांबड्या दाढीचा, चाळिशीचा माणूस. अण्णांसाठी तो पोरच. अण्णांनी अंगठा आणि बोट जवळ आणून खूण केली, थोडी आत सार. त्याने नळी किंचित आत सारली, आणि काय झालं ते माझ्यासारख्या अडाण्यालाही कळलं. तोवर किरकिरणारा आवाज एकदम एक झाला.

तो माणूस मोठ्याने हसला. त्याने पाइप खांद्यावरून उतरवला, तोंडाकडची नळी रुमालाने पुसली आणि दोन्ही हातांनी अण्णांपुढे धरला. बाकीचे सगळे थांबून बघायला लागले. अण्णांनी थर्मास माझ्या हातात दिला.

त्याच वेळी मागून आवाज आला, "युअर फादर प्लेज?"

आमचे कन्सल्टंट होते. किल्ट घातलेले, शेजारी त्यांची बायको. चारच दिवसांपूर्वी कॉफीच्या वेळी मी त्यांना माझ्या ऑफिसर वडिलांबद्दल सांगितलं होतं. अण्णा तिथे गाल फुगवून बँडवाल्यासारखे उभे राहतील, असं एक चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं, आणि मी इंग्लिशमध्ये म्हणाले, "छे, छे. त्यांना फक्त ऐकायला आवडतं."

अण्णांना इंग्लिश बोलता फारसं यायचं नाही, पण कळायचं सगळं. त्यांचे हात पुढे गेले होते, ते तसेच थांबले.

धाकटी म्हणाली, "बट मम्मी, आजोबा तर—"

"नो, नो," अण्णाच मध्ये बोलले. हात जोडून त्या पायपरला म्हणाले, "ओन्ली लायकिंग. व्हेरी नाइस." मग कन्सल्टंटकडे वळले, ताठ उभे राहिले आणि त्यांच्याशी हात मिळवला, अगदी एखाद्या ऑफिसरसारखा. त्या पायपरने खांदे उडवले आणि पाइप परत खांद्यावर घेतला. त्याला पटलं नव्हतं, हे दिसत होतं.

नंतर आम्ही चिप्स खाल्ल्या, मुलींना चौकडीचे स्कार्फ घेतले. परत येताना गाडीत अण्णा मुलींशी नेहमीसारखे बोलत होते. मी एकदा म्हटलं, "अण्णा, ते मघाशी—"

"अगं, तुझे साहेब चांगले वाटले," ते म्हणाले. "मिळेल तुला जागा."

जागा मिळाली नाही. कन्सल्टंटच्याच ओळखीतल्या कुणाला मिळाली. पुढच्या वर्षी आम्ही कॉव्हेंट्रीत स्थिरावलो, कॅराव्हॅन विकली. अण्णांना रविवारी फोन करायचे. दर वेळी ठरवायचे की आज तो विषय काढायचा, आणि दर वेळी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन, गोळ्या वेळेवर घेता का, एवढ्यावरच बोलणं संपायचं. कॉव्हेंट्रीतल्या आमच्या तिसऱ्या हिवाळ्यात ते गेले. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

दहाव्यानंतर भाऊ सहज म्हणाला, "तुझ्याकडची ती जत्रा अण्णा सगळ्यांना सांगायचे. तिथल्या पायपरने स्वतः त्यांच्या हातात पाइप दिला म्हणे. पण दम पुरेल की नाही म्हणून मीच नको म्हटलं, असं सांगायचे."

दम पुरला नसता असं कसं होईल? रोज पाण्याचा भरलेला कॅन ते एका हातात घेऊन चढ चढून यायचे.

धाकटी युनिव्हर्सिटीत गेल्यावर एकदा तिला हे सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती विसरली असेल.

"मला आठवतो ना," ती म्हणाली. तिचं मराठी तेव्हाही असंच होतं. "मी रडली होती त्या दिवशी. तू सगळ्यांना म्हणालीस, चिप्स गरम आहे म्हणून रडते." मग तिने विचारलं, "आजोबा चांगला वाजवायचे?"

लहानपणी तो आवाज सुरू झाला की मी उशी कानावर घ्यायचे. आणि कॉलेजला गेल्यापासून त्यांच्या एकाही परेडला मी गेले नव्हते.