गुप्ताजींचं तेल आणि साहेबांचं पित्ताशय

साहेबांनी प्लास्टिकचा डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. आत हिरवट, मऊ गोळ्या होत्या.

"खडे पडले, मॅडम. ऑपरेशन कॅन्सल."

मी पूर्व दिल्लीतल्या एका हॉस्पिटलात सर्जन आहे. साहेब मूळचे नागपूरचे, केंद्र सरकारात बडे अधिकारी, राहायला लक्ष्मीबाई नगरात. त्यांना बरीच वर्षं टाइप टू डायबेटिस आणि पित्ताशयात खडे. पित्ताशय म्हणजे लिव्हरखालची पित्ताची पिशवी. जेवलं की तिथे दुखायचं. ती काढून टाका, असं मी सांगितलं होतं. तेवढ्यात त्यांना मॉर्निंग वॉकला गुप्ताजी भेटले. गुप्ताजी रिटायर्ड इंजिनियर. पूर्वी पूल बांधायचे, आता लोकांची लिव्हर साफ करतात. त्यांनी साहेबांना ग्लासभर ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा रस पाजला.

"हे खडे नाहीत," मी म्हटलं. "तेल आणि लिंबाचा पोटात साबण झालाय."

"पण आता दुखत नाही ना."

साहेब घामाने भिजले होते. अंगात ताप होता. नर्सने शुगर बघितली. मीटरवर आकडा येईना, नुसतं 'हाय' उमटलं. म्हणजे मोजण्यापलीकडे.

"मीटर खराब दिसतंय," साहेब म्हणाले.

जुन्या डायबेटिसमध्ये नसा बधिर होतात. आत काही कुजत असलं तरी माणसाला पत्ता लागत नाही. मी त्यांना तसंच सीटी स्कॅनला पाठवलं. खडे जागच्या जागी होते. शिवाय पित्ताशयाच्या भिंतीत हवेचे बुडबुडे. गॅस करणारे जंतू भिंत खात होते. डायबेटिसवाल्यांत हे जास्त दिसतं. पिशवी फुटली तर जीव जाऊ शकतो.

"ऑपरेशन आजच," मी म्हटलं.

"सोमवारी मंत्र्यांबरोबर मीटिंग आहे. थांबा, गुप्ताजींना विचारतो." त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"अरे साहब, डॉक्टर लोग तो काटने की ही बोलेंगे," गुप्ताजी म्हणाले. "तेल थोड़ा बढ़ा दीजिए."

साहेबांच्या पत्नी शेजारच्याच खुर्चीत होत्या. त्यांनी फोन काढून घेतला आणि बंद केला.

"अहो, ऑफिसात फाइल अडवून ठेवता ते चालतं. हे पोट आहे."

साहेबांनी सही केली. त्यांच्या आख्ख्या नोकरीतली ती सगळ्यात जलद सही असावी.

दुर्बिणीने सुरुवात केली, पण शेवटी पोट उघडावंच लागलं. पित्ताशय काळं पडलं होतं, चिमटा लावला की फाटत होतं. नंतर आयसीयू, इन्सुलिन, अँटिबायोटिक्स. सुरुवातीला साहेब वाचतील याची मलाही खात्री नव्हती. वाचले.

डिस्चार्जच्या आधी गुप्ताजी भेटायला आले. डायबेटिसच्या पेशंटसाठी मोसंबीचा ज्यूस घेऊन. म्हणाले, तेलाने आतून गुळगुळीत झालं होतं, म्हणून ऑपरेशन सोपं गेलं. साहेबांनी मान डोलावली.

"तुम्ही स्वतः कधीपासून घेता हे तेल?" मी हिंदीत विचारलं.

"मुझे क्या ज़रूरत, मैडम? मेरा तो कब का ऑपरेशन हो चुका है."

साहेबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

कुणाच्या सांगण्यावरून पित्ताशय साफ करायचंच असेल, तर आधी त्याचं स्वतःचं जागेवर आहे का, एवढं विचारून घ्यावं.