फुलांखालची नोटीस

जामसंड्यातल्या नर्मदाकाकींच्या घरात कागद आला की तो आधी देवासमोर जायचा. लग्नपत्रिका, मुलाचा निकाल, विजेचं बिलसुद्धा. देवाने पाहिला की दुसऱ्या दिवशी माणसांनी वाचायचा. ही रीत सासूची, काकींनी ती निगुतीने सांभाळली.

घर स्लॅबचं, बँकेच्या कर्जातून बांधलेलं. पुढच्या खोलीत काकींची खानावळ, शाळेतले मास्तर तिथे दुपारी जेवत. नवरा गंगाराम टेम्पो चालवायचा तोवर हप्ते बिनबोभाट जात. तो आजारी पडला, आठ महिन्यांत गेला, आणि हप्ते तुंबले. मग एके दिवशी पोस्टमन सही घेऊन बँकेचं पाकीट देऊन गेला. काकींनी ते देव्हाऱ्यात ठेवलं, वर जास्वंद वाहिली. इतर कागद दुसऱ्या दिवशी खाली यायचे, हे काही आलं नाही. आत काय असणार हे त्या ओळखून होत्या. भ्यायल्या होत्या, दुसरं काय! पाकिटाला रोज ताजं फूल मात्र नेमाने मिळत होतं.

पन्नासाव्या दिवशी अजय आला. कुणाचं घर बँकेच्या तोंडी आहे याचा वास या गृहस्थाला सगळ्यांच्या आधी यायचा. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात स्टॅम्पपेपर.

"काकी, बँक घराक कुलूप लावतली. तुमचा सगळा कर्ज मी भागवतंय. घर फकस्त नावापुरता माझ्या नावार करा. दोन वर्सांनी पैसे द्या, घर परत तुमचा."

काकींच्या डोळ्यांत पाणी आलं. अडल्या वेळी सख्खेसुद्धा तोंड फिरवतात, आणि हा परका माणूस धावून आला होता. त्यांनी कागद घेतला आणि सवयीने देव्हाऱ्याकडे वळल्या.

"आधी सही करा," अजय घाईने म्हणाला.

"देवान बघल्याबिगर सही नाय रे. उद्या ये."

अजय चरफडला. पण देवाशी वाद कोण घालणार?

सकाळी शेजारची रसिका परडीभर फुलं घेऊन आली. ती तालुक्याच्या कोर्टातल्या मोफत कायदा केंद्रात स्वयंसेवक होती. फुलं ठेवताना तिला स्टॅम्पपेपर दिसला. तो तिने उभ्या उभ्या वाचला, मग खालचं पाकीट फोडलं.

"काकी, ह्या खरेदीखत आसा. घर इकलास असा लिवलेला आसा. परत देवची एक ओळ नाय."

"त्यान तोंडान सांगितल्यान मा!"

"तोंडचा कोर्टात दाखवतल्यात कसा? आणि ही बँकेची नोटीस बघा. साठ दिवसांची मुदत आसा, तोपर्यंत घराक कोण हात लावूक शकना नाय. हरकत लिवन दिलास तर बँकेक पंधरा दिवसांत उत्तर देवचा लागता. ताबो घेवक इले तरी पंचेचाळीस दिवसांत न्यायाधिकरणात दाद मागता येता. पन पन्नास दिवस तुमी फुलांखाली घातलास. आता नऊच रवले."

काकींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दुपारी खानावळ बंद ठेवून दोघींनी बँकेला हरकतीचा आणि हप्ते कमी करून मागणारा अर्ज लिहिला. अजय आला तेव्हा काकींनी त्याचा कागद त्याच्या हातात ठेवला.

"देवान बघल्यान. नको म्हणता."

बँकेने हप्ते लहान केले, वर्षं वाढवली. थकलेल्यातली काही रक्कम मात्र लगेच भरायला सांगितली. त्यासाठी गंगारामचा टेम्पो विकावा लागला. रोज पुसून ठेवलेला तो टेम्पो फाटकाबाहेर गेला तेव्हा काकी सगळ्यांदेखत रडल्या. वेळेत पाकीट फोडलं असतं तर तो वाचला असता का, हे त्यांनी रसिकाला कधी विचारलं नाही.

पुढे बँकेचं आणखी एक पत्र आलं. काकींनी पिठाचे हात पदराला पुसले, दारातच पाकीट फोडलं आणि एकेक अक्षर लावत शेवटपर्यंत वाचलं. मग ते देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं.

"आज आधी देव नाय?" रसिकाने विचारलं.

"वाचल्याबिगर त्येका काय सांगतलंय गो?"