सोयऱ्याच्या सदऱ्यावरची माशी

तुमी घरचे म्हणून बोलतो, बाहेर कुठं बोलू नका. माझ्या पोराची सोयरीक माझ्याच डोळ्यापायी मोडता मोडता राह्यली.

झालं काय, मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं. लख्ख दिसाला लागलं. थोडे महिने बरे गेले, मंग परत धुकं. उल्हासनगरला कॅम्पातल्या डोळ्याच्या दवाखान्यात गेलो, तं डॉक्टर बोलतो, "काका, भिंगामागे पडदा धरलाय. लेझरने साफ करू."

माझं टाळकंच फिरलं. "मंग तवाच नीट कराला काय झालं होतं? आमी विहिरीचा गाळ काढतो तं सगळा काढतो."

"आणि तो परत साचत नाही?"

मला अजूनच राग आला. लेझर झाल्यावर तो कायतरी समजावत होता. बायको ऐकत होती. मी चपला शोधत होतो.

त्याच आठवड्यात बदलापूरला आमच्या निलेशच्या होणाऱ्या सासुरवाडीला गेलो. पसंती झालेली, जेवण झालं की सुपारी फोडायची.

ताटात तांदळाची भाकरी आली. पांढरीफेक. आन् तिच्यावर काळा केस वळवळतोय.

"भाकरीत केस हाय," मी बोललो.

विहीणबाईनी दुसरी आणली. तिच्यात पण केस. तिसरीत पण तोच. आता तुमीच सांगा, माणूस गप कसा बसंल?

"पीठ चाळता का नाय तुमच्यात? का पोरीला हेच शिकवलंय?"

 निलेशनी मान खाली घातली ती घातलीच. बायको मांडीला चिमटे काढतेय. "अवो, गप जेवा."

व्याही हरीभाऊ, भला माणूस, कडक पांढरा सदरा घालून समोर आला, हात जोडले. "दादा, काय चुकलं असंल तं..."

तं त्याच्या छातीवर ही मोठी माशी. "हलू नका," बोललो नि हाणली. ती खांद्यावर सरकली. तिथं हाणली. मंग गालावर गेली.

गालाचा आवाज पार ओटीवर गेला.

व्याह्याचा भाऊ बाह्या सारून उठला. निलेश बोलला, "बाबा, काय करताय?"

"माशी मारतोय, दिसत नाय तुला?"

"कुठाय माशी?"

"ती काय भिंतीवर. आता वर गेली, पत्र्याला." जिकडं बघीन तिकडं माझ्या आधी हजर.

बायकोनी कपाळाला हात लावला. "अवो, डॉक्टर बोलला नव्हता? लेझरनंतर डोळ्यापुढं काळं काळं तरंगंल, हळूहळू कमी होईल. चमक मारली नायतर ठिपके वाढले तं लगेच या."

"मंग मला का नाय सांगितलंस?"

"सांगत होते. तुमी बोललात, डॉक्टरची वकिली करू नको."

व्याही गाल चोळत होता. पहिला तोच हसला. "म्हंजे केस तुमचा नि माशी पण तुमचीच." सुपारी फुटली एकदाची. विहीणबाई मात्र हसली नाय.

निघताना तिनं चहा दिला. चहात काळं दिसलं. आता मी शाना झालेलो. सगळे तोंडाकडं बघतायत, म्हणून एका दमात पिलो. घशात कायतरी फडफडलं.

रिक्षात बायको बोलली, "चहात माशी पडली होती."

"तुला दिसली, मंग बोलली का नाय?"

"बोलणार होते. विहीणबाई बोलली, राहू दे, त्यांनी घरनं आणलीय."