तेल लावून ठेवलेला बोल्ट

अंबादास गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर वर करत होतो. फोन त्याच्या घरून होता. "भावजी, लवकर या की... हे उठंना झालेत," एवढंच वहिनी बोलल्या. शाळेपासूनचा मित्र आणि माझ्या फ्लेक्सच्या दुकानातला मशीनवाला, तो त्या दिवशी सकाळी अंथरुणातच गेला. आमच्या सोलापुरात, त्यातून पूर्व भागात, माणूस गेला की आधी चौकात फलक लागतो आणि मग लांबचे पाहुणे पोहोचतात. मीच तर तसले फलक छापून पोट भरतो. म्हणून अंत्यविधी उरकून थेट दुकानात आलो, त्याचा फोटो घेतला, 'भावपूर्ण श्रद्धांजली' जुळवली आणि मशीन चालू केली. कपाळ आलं, चष्मा आला, आणि मिशीपाशी शाई सोडत फिरणाऱ्या कॅरेजने एक झटका खाल्ला. पुढचा सगळा चेहरा बोटभर डावीकडे सरकला. एका चेहऱ्यावर दीड मिशी! मी बटण बंद केलं आणि सवयीने हाक मारली, "अंबादास, बघ रे जरा..." शेवटी त्याचा फलक पलीकडच्या गल्लीतल्या दुकानातून छापून आणावा लागला. ज्यांच्या नावाने आम्ही दोघं रोज बोटं मोडायचो त्यांच्याकडून.

अंबादास मूळचा जॉबर, म्हणजे यंत्रमाग बिघडला की दुरुस्त करणारा. वडीलही तेच करायचे. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि मागाशी बोलायची भाषा निराळीच. पान्याने ठोकत तो त्याला आईमाईवरून बोलायचा. नम्रपणा वगैरे त्याच्या गावी नव्हता. "ह्या चाळीत माझ्यावानी सेटिंग करणारा हाय का कोण?" असं तो भर रस्त्यात विचारायचा. पुढे त्याच्या कारखान्यात नवे माग आले, ते सहसा बंद पडत नसत, आणि मालकाने त्याला घरी बसवलं. हे त्याने मला चहा पिताना हसत हसत सांगितलं होतं. "दत्त्या, लई चांगलं सेटिंग केलं की मालक जॉबरला विसरतोय बघ." मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून त्याला दुकानात बोलावलं. माझ्या मनात त्यात उपकार नव्हता. मित्र घरी बसून राहिलेला बघवत नव्हता, एवढंच.

छपाईची मशीन त्याने मागासारखीच ताब्यात घेतली. दहा फुटी रूळ, त्यावर बेल्टच्या जोरावर इकडून तिकडे धावणारी कॅरेज आणि तिच्या पोटात शाईची हेडं. कॅरेज जरा जरी अडखळली तरी अक्षरं दुहेरी उमटतात. आमची कॅरेज सारखी अडखळायची. मग अंबादास डाव्या बाजूचं झाकण उघडायचा आणि मला म्हणायचा, "जा, च्या सांग." जॉबर लोकांची ही जुनी रीतच. सेटिंग करताना शेजारी कुणाला उभं करत नाहीत, विद्या नजरेने चोरली जाते म्हणतात. मी मुकाट्याने चहा सांगायला जायचो. परत येईपर्यंत मशीन चालू आणि हा कपाळ पुसत उभा. एकदा श्रीपूरच्या साखर कारखान्याच्या गळीत हंगामाचे फलक ऐन उद्घाटनाच्या आदल्या दिवशी अडकले आणि ते गिऱ्हाईक कायमचं तुटलं. नवी मशीन घ्यावी, कंपनीचा माणूस येऊन बघून जाईल, असं मी कितीदा म्हणालो. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, "कशाला? मी हाय की." आणि मी ऐकायचो. चेष्टेने लोक म्हणायचे, दुकान दत्ताचं आणि राज्य अंबादासचं. मला त्यातही कौतुकच वाटायचं.

तेराव्यानंतर पुण्याहून मेकॅनिक बोलावला. त्याने आल्या आल्या डावीकडचं झाकण काढलं, आणि मी पहिल्यांदाच तिथे उभा राहिलो. बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीला एका बाजूला बोल्ट होता. दुसऱ्या बाजूला बोल्टच्या जागी चामड्याचा तुकडा ठोकलेला, मागावर वापरतात त्यातला. "हे चामडं वाळलं की पुली ढिली होते. बेल्ट उडी मारतो," मेकॅनिक म्हणाला. मला वाटलं बोल्ट तुटला असेल, मिळाला नसेल, अंबादासने जुगाड केला असेल. मग त्याने आतल्या कोपऱ्यातून एक पुरचुंडी काढली. सोलापुरी टॉवेलाचा फाडलेला तुकडा, आणि त्यात बोल्ट.

"तुटलेला नाही हो. धडधाकट आहे. कुणीतरी काढून ठेवलाय," तो म्हणाला.

बोल्टाला तेल लावलेलं होतं. गंजू नये म्हणून. तेल ताजं होतं.

म्हणजे झाकण उघडलं की दरवेळी तो बोल्ट अंबादासच्या हाताला लागत असणार. दरवेळी तो पुसून, तेल लावून हा परत गुंडाळून ठेवत असणार, आणि मी बाहेर याच्यासाठी चहा सांगत होतो! गल्ल्यात हात घातला असतास, अंबादास, तर दोन शिव्या हासडून सोडून दिलं असतं. पण तू मला त्या मालकाच्या रांगेत बसवलंस. मशीन नीट चालली तर दत्त्याही आपल्याला घरी बसवेल, असं तुला इतकी वर्षं वाटत राहिलं? माझ्या ताटात जेवलास, माझ्या पोरीच्या लग्नात मांडवभर मिरवलास, आणि मनात हे? बरं, आता भांडू कुणाशी... तेवढीही सोय ठेवली नाहीस.

त्या संध्याकाळी बोल्ट खिशात घालून मी अंबादासच्या घरी गेलो. वहिनींसमोर ठेवायचा आणि विचारायचं, असं ठरवून. त्यांनी चहा दिला. म्हणाल्या, "हे सारखं म्हनायचे, मी मरेपर्यंत दत्तू मला सोडनार न्हाय." मी चहा प्यायलो आणि उठलो. बोल्ट खिशातच राहिला.

दुसऱ्या दिवशी मुक्कामाला राहिलेल्या मेकॅनिकने तो जागेवर बसवला, आणि तेव्हापासून मशीन एकदाही अडलेली नाही. परवा दुपारी दुकान रिकामं होतं. अंबादासचा तो अर्धवट राहिलेला फलक मी पुन्हा छापायला लावला. आता तो कुणाला नको होता, चौकातलाही उतरवून झालाय. कपाळ आलं, चष्मा आला. मिशी जवळ आली तसा मी पुढे झालो आणि डाव्या झाकणावर हात ठेवून उभा राहिलो. एकदा तरी अडखळेल म्हणून वाट बघत होतो. मशीन सरळ पुढे गेली.