श्री. व सौ.

मुलीच्या लग्नपत्रिकांसाठी मी कॉम्प्युटरवरच्या यादीतून पत्त्यांची लेबलं छापत होते. कॉम्प्युटरच्या 'मेल मर्ज' सोयीमुळे प्रत्येक नावाआधी 'श्री. व सौ.' आपोआप लागत होतं. छापून आलेल्या कागदावर ताईच्या यजमानांचं, भाऊजींचं नाव दिसलं. त्यांना जाऊन वर्षही झालेलं नाही.

मी ताईला फोन केला. "पाकिटावर तुझं नाव घालू ना गं?"

ती म्हणाली, "त्यांचंच राहू दे. त्यांच्या नावाचं आता घरी काहीच येत नाही."

ते लेबल मी तसंच चिकटवलं. लग्नाला सगळे जोडीनं येतील. ताई एकटी येईल, अक्षता पडताना मागे कुठेतरी उभी राहील, आणि मी कितीही बोलावलं तरी पुढे येणार नाही.