चाकावरचं घर

आप्पा माझ्या घरात शिरले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. एका हाताची बोटं या पत्र्याला, दुसऱ्या हाताची त्या पत्र्याला. दोन्हीकडं टेकली. मग दाराबाहेर उभ्या असलेल्या लोकांकडं तोंड करून म्हणाले, "संपलं बघा घर. आमची कालवड बी यात फिरायची न्हाई."

लोक हसले. हसायलाच आले होते.

आप्पा म्हणजे आमच्या सरपंचबाईंचे मालक. बाई सहीपुरत्या, बाकी गाव आप्पांचं. ऊस त्यांचा, गुऱ्हाळ त्यांचं, ट्रॅक्टर त्यांचे. मी नळासाठी अर्ज दिला होता, म्हणून ते पाहणीला आले होते. पाहणी म्हणजे काय, तर त्यांनी माझ्या आईच्या संडासाचा पडदा बोटानं बाजूला सारला, कमोडकडं बघितलं आणि म्हणाले, "शिजवायचं बी हितंच आन् हागायचं बी हितंच." मग शेजारच्या सिंकमध्ये गुटख्याची पिंक टाकली. तिथं मी तांदूळ धुवायला काढून ठेवले होते.

आई म्हणाली, "बसा की आप्पा, चा टाकते."

आणि मी चहा केला. त्याच सिंकमध्ये त्यांची थुंकी पाण्यानं ढकलली आणि कप विसळले. त्या दिवशी किळस आली ती त्यांची तर आलीच, पण कप विसळणाऱ्या माझ्या हातांची जास्त आली. ते तांदूळ मी फेकून दिले.

आमचं गाव खुटबावजवळ. आमची आळी गावाच्या खालच्या अंगाला. ती तिथंच का, हे गावातल्या माणसाला सांगावं लागत नाही. गावठाणात माझ्या बापाची जागा होती. त्याचं मातीचं घर पडलं, बाप गेला, जागा तेवढी राहिली. मी एकुलती एक. नवऱ्याचं नाव मी केव्हाच टाकलेलं. मी शिक्रापूरला कंपनीत पॅकिंगला लागले आणि आईला घेऊन तिथंच चाळीतल्या एका खोलीत राहिले. खोलीबाहेर रस्ता, रस्त्यावर ट्रक. सगळ्या चाळीला मिळून संडास, आणि सकाळी त्याच्यापुढं रांग. आईचे गुडघे गेलेले. तिला खाली बसता येईना, रांगेत उभं राहता येईना. ती पाणी प्यायचीच बंद झाली. का पीत नाहीस, असं विचारलं तर म्हणायची, "प्यालं की जावं लागतं."

हे ऐकून मी घराचं मनावर घेतलं. मला बंगला नको होता. आईला बसता येईल असा संडास, आणि त्याच्याभोवती चार भिंती. एवढंच.

ग्रामपंचायतीत भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामसेवकांना विचारलं. ते म्हणाले, जागा फारच लहान आहे, कडेनं मोकळी सोडायची तेवढी सोडली तर आत चूल मांडण्यापुरतं उरेल, आराखडा मंजूर व्हायला अवघड जाईल. आप्पा तिथंच बसले होते. तेच म्हणाले, "पक्कं कशाला बांधती? चाकावर आण काहीतरी. चाकावर असंल तर आमची ना न्हाई."

मला ते पटलं. आमच्याकडं चाकावरच्या वस्तूला कुणी अडवत नाही. गाळपाच्या हंगामात ऊसतोडीवाले येतात, घिसाडी येतात, यात्रेत पाळणे येतात. गाव त्यांना राहू देतं, कारण ते जाणार असतात. मी मात्र जाणार नव्हते. माझी चूक झाली ती ही. ज्या गोष्टीमुळं गाव मला येऊ देत होतं, त्याच गोष्टीच्या जोरावर ते मला हाकलूही शकतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

शिक्रापूरच्या फॅब्रिकेटरनं उसाच्या जुन्या ट्रॉलीचा सांगाडा घेतला आणि वर पत्र्याची खोली बसवली. आतून थर्माकोल आणि प्लाय लावला, नाहीतर उन्हाळ्यात माणूस भाजून निघतो. छताला पांढरा रंग दिला. वाऱ्यानं डुलू नये म्हणून चारी कोपऱ्यांना साखळदंड लावून खुंट ठोकले. भिंतीला मुडपून ठेवता येणारी फळी होती, तिच्यावर आई झोपायची, मी खाली. वर टाकी, टपावर लहानसं सोलर. आणि मागं माझ्या हातानं खणलेला शोषखड्डा. खणताना हाताला फोड आले, पण आई पहिल्यांदा कमोडवर बसली, तेव्हा आतूनच म्हणाली, "माणसात आल्यावानी वाटतंय." मी बाहेर उभी राहून रडले.

नंतर नळ मागितला. भाऊसाहेब म्हणाले, नळ घराला मिळतो, वाहनाला नाही. विजेचा मीटर मागितला, तर घराची नोंद आणा. घराची नोंद मागितली, तर चाकं आहेत, नोंद कशी करू. रहिवासी दाखला मागितला, तेव्हा आप्पा म्हणाले, "आरटीओत जा की. नंबरप्लेट मिळंल." कचेरीतला शिपाईसुद्धा हसला. मी शेजारच्या हमीदाभाभीकडनं हंडे भरत राहिले. भाभीचं घर पिढ्यान् पिढ्या आमच्या आळीला लागून आहे. तिनं कधी पाण्याला नाही म्हटलं नाही.

मग यात्रा जवळ आली. ग्रामदैवताची पालखी आमच्या आळीच्या तोंडापर्यंत येते आणि वळते. आत येत नाही. माझी जागा नेमकी त्या वळणावर. आप्पांनी निरोप धाडला की देवाच्या वाटेवर संडास चालणार नाही, यात्रेपुरतं घर ओढ्याकडं सरकव. मी उलट निरोप दिला की वरच्या आळीत प्रत्येक घरात संडास आहे, देव त्यांच्या दारावरूनच येतो, त्याला तिथं वास येत नाही का. यावर उत्तर आलं नाही. मला वाटलं, विषय मिटला.

त्या दिवशी मी पहिल्या पाळीला होते. कंपनीची बस चौफुल्याला सोडायची, तिथून मी जीपनं गावात यायचे. आळीच्या तोंडाशी उतरले तर घर नव्हतं.

जागा होती. उपटलेले खुंट होते. तुटलेला पाईप वर तोंड करून पडला होता आणि शोषखड्ड्यावरची फरशी फुटून घाण वर आली होती. तिच्यावर माशा. हमीदाभाभी धावत आली. म्हणाली, "आप्पाचा ट्रॅक्टर आला व्हता गं. मावशी आतच व्हत्या. म्या वरडले, पर कोण ऐकतंय."

ओढ्याकाठी गाव आपला कचरा टाकतं. मेलेली जनावरंही तिथंच ओढून नेतात. माझं घर तिथं एका बाजूला कलून उभं होतं. दार आतून दाबलं गेलेलं. लाथ मारून उघडलं. पिठाचा डबा सांडलेला, गॅसची शेगडी उलटी, काचा, आणि त्या सगळ्यात आई कमोडच्या पायाला मिठी मारून खाली बसलेली. ती आत बसलेली असतानाच त्यांनी घर ओढलं होतं. तिचं लुगडं भरलं होतं. हाता-पायाला पीठ आणि घाण. मला बघून ती काय म्हणाली, तर "ड्रायवरनं सांगितलं व्हतं, मावशी धरून बसा. चांगलं पोरगं हाय."

चांगलं पोरगं.

मी आईला धुतलं. ओढ्याचं पाणी घेववेना, म्हणून टाकीत उरलेल्या पाण्यानं धुतलं. तिचे पाय धुताना मला जी शिसारी आली ती घाणीची नव्हती. माझ्या आईला इतकं वाकवलं गेलंय की तिला तिच्याच घरासकट उकिरड्यावर नेऊन टाकलं तरी ती आभार मानते, याची होती. माझा चहा आठवला. मीही तीच होते. तिथं, त्या वासात, मी ठरवलं की हे माझ्यापाशी थांबणार.

आप्पांकडं गेले. ते ओट्यावर दात कोरत बसले होते. म्हणाले, "मोडलं का काय तुझं? गाडी सरकवली फक्त. यात्रा झाली की आण परत."

चौकीत गेले. तिथं हवालदारानं विचारलं, "गाडी चोरीला गेली म्हणून लिहू, का घराची तक्रार लिहू? एक काय ते ठरव."

मी म्हणाले, "घर. लिहा. घरात माझी आई होती."

त्यानं टाळाटाळ केली. मी बाकावरून उठले नाही. शेवटी त्यानं लिहून घेतलं, मी वाचलं आणि 'घर' हा शब्द बघूनच सही केली.

दुसऱ्या गावचा ट्रॅक्टर आणून मी घर परत जागेवर आणलं. शिक्रापूरहून फॅब्रिकेटरला बोलावलं. भर दिवसा, यात्रेच्या आदल्या दिवशी, त्याच वळणावर त्यानं गॅस कटरनं चाकं कापली. ठिणग्या उडत होत्या आणि आळी बघत होती. खाली लोखंडी पाय जोडले आणि ते काँक्रीटमध्ये गाडले. शोषखड्डा मी पुन्हा खणला, होता तिथंच. चाकं भंगारवाल्यानं नेली.

आप्पा आले. या वेळी आत आले नाहीत. म्हणाले, "आता हे बांधकाम झालं. बिनपरवाना. नोटीस काढायला लावतो."

"काढा," मी म्हणाले.

"तुला कळतंय का, पाडायचा हुकूम येतो त्याच्यावर."

"कळतंय आप्पा. पण हुकूम घराला येतो. ट्रॉलीला येत न्हाई."

आई आतून म्हणाली, "अगं, आप्पांस्नी बसा म्हण की." मी म्हणाले, "न्हाई आई. बसायचं न्हाई त्यांनी." आयुष्यात पहिल्यांदा गावातल्या मोठ्या माणसाला मी दारातून उभ्याउभ्या परत पाठवलं. मी दारातून हलले नाही.

दुसऱ्या दिवशी पालखी आली आणि वळणावर वळली. मी दार उघडं ठेवलं होतं.

नोटीस आली. तिच्यात लिहिलंय, विनापरवाना उभारलेले घर. जागेवर माझं आणि आईचं नाव वारस म्हणून लावायला मी कागद दिलेत, परवानगीचा अर्ज दिलाय, दौंडला तहसीलमध्ये खेटे घालते आहे. रजा जातात. सुपरवायझर बोलतो. परवानगी मिळेल की नाही, मला माहीत नाही. नळ अजून नाही. खोटं कशाला सांगू, पावसात पत्र्याखाली रात्रभर झोप लागत नाही, आणि हात पसरले की माझं घर अजूनही संपतं.

पण त्यांना आता ते ओढून नेता येणार नाही. न्यायचं असेल तर पाडावं लागेल. पाडायचं असेल तर घर म्हणून पाडावं लागेल, गावासमोर, कागदावर स्वतःच्या नावाची सही करून. आणि त्या दिवशी मी कामावर नसेन. आत असेन.