पाण्यावर वाघ मारत नाय

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला आजही नीट कळत नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. आमच्या वाडीतली शाळा चौथीपर्यंत होती, पुढे शेळ्या होत्या. माझे दीर दिनेश भावोजी जुनी मासिकं आणतात, त्यात लोक आपले अमानवीय अनुभव लिहून पाठवतात, ते मी दुपारी वाचते. बहुतेक वेळा हसूच येतं. पांढरी साडी, उलटे पाय, पिंपळ... आमचं लहानपण डोंगरात गेलं, चुकलेली शेळी शोधत अंधारात फिरलो, मला कधी कोणी भेटलं नाही. त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आता आहे असंही म्हणवत नाही. हे मी पाठवीन की नाही तेही माहीत नाही. पाठवायचं धाडस झालंच तर वाचणाऱ्याने खुशाल हसावं, पण शेवटपर्यंत वाचून हसावं.

२००८ साल संपत आलं होतं. आम्ही महाडला राहतो. आमचे हे वीर स्टेशन ते महाड रिक्षा चालवतात. दिनेश भावोजी मुंबईला कम्प्युटर गेमच्या दुकानात कामाला होते. ते दुकान बंद पडलं तेव्हा घरी आले आणि म्हणाले, आता आपलं स्वतःचं दुकान, पण रस्त्यावर नाही, इंटरनेटवर. खेळांचंच. कॅरम, बुद्धिबळ, आणि पोलादपूरच्या एका सुताराकडून करून घेतलेले जुने लाकडी पट. डेपोमागच्या गल्लीत एक गाळा भाड्याने घेतला. पुढे शटर, आत टेबल आणि कम्प्युटर, मागच्या बाजूला जाळीची खिडकी. खिडकीच्या अंगाला सावित्री नदी.

झाडलोट आणि पार्सल बांधणं माझ्याकडे. मला ते दुकान फार आवडायचं. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते, आणि इथे कोणाशी बोलावंच लागत नसे. गिऱ्हाईक दिसतच नाही, नुसता पत्ता पाठवतं!

पण पत्तेही फारसे येत नव्हते. कम्प्युटरसाठी महिला बचत गटातून माझ्या नावावर कर्ज काढलं होतं, त्याचे हप्ते थकले होते. गटाच्या अध्यक्ष कुसुमताई रस्त्यात भेटल्या की मी गल्ली बदलायचे. शेवटी ह्यांनी एकदा जेवताना सांगून टाकलं, "वरीस संपेपर्यंत काय झालं नाय तर कम्प्युटर विकायचा आन् गटाचं मिटवायचं. दुकान बस झालं." भावोजी ताट सारून उठले.

डिसेंबर लागला आणि भावोजींनी फोटो काढायला वाघ-बकरीचा एक पट टेबलावर मांडला. हा खेळ हल्ली कोणाला माहीत नसतो म्हणून सांगते. चौकोनात उभ्या-आडव्या-तिरक्या रेघा. एक वाघ, बाकी बकऱ्या. एकदा वाघाने चालायचं, एकदा बकरीने. बकरीच्या पलीकडचं घर मोकळं असेल तर वाघ तिच्यावरून उडी मारतो आणि ती मेली. बकऱ्यांनी वाघाला असं घेरायचं की त्याला हलताच येऊ नये. आम्ही शेळ्या राखताना कातळावर कोळशाने रेघा ओढून हाच खेळायचो. हा पट मात्र जुन्या दाराच्या सागाचा होता, सुताराने जीव ओतून केलेला.

दुसऱ्या दिवशी शटर उघडलं, तर वाघ मधल्या घरातून एक घर पुढे आलेला. म्हटलं, झाडताना धक्का लागला असेल. जागेवर ठेवला. पुढच्या सकाळी पुन्हा त्याच घरात. आता धक्का काय दर वेळी त्याच घरात लागतो? मला गंमत वाटली. मी एक बकरी उचलली आणि उत्तराची चाल केली.

पुढच्या सकाळी वाघाने चाल केलेली होती. आणि चांगली केलेली होती.

मला भीती का वाटली नाही हे आता आठवून मलाच नवल वाटतं. पहिला विचार आला तो एवढाच — हा भावोजींचा चावटपणा.

"भावोजी, खेळायचं तं समोर बसून खेळा की."

"कोण खेळतंय?" त्यांनी कम्प्युटरवरून मान वळवली. "वैनी, मला तो खेळ येत पण नाय. नियम नेटवरून उतरवलेत मी."

"मग वाघ कोण हलवतो?"

"तुम्हीच हलवता आन् तुम्हीच विसरता. वय झालं तुमचं."

घरी ह्यांना सांगितलं, तर भाकरी मोडता मोडता म्हणाले, "उंदीर आसंल."

"उंदराला वाघ खेळता येतो?"

"डेपोमागले उंदीर हायेत गो, शिकले आसतील."

झालं. सासूबाईसुद्धा हसल्या. त्यानंतर मी कोणाला काही सांगितलं नाही, पण बघत राहिले. दिवसाला एक चाल. संध्याकाळी दुकान बंद करताना माझी, सकाळी उघडेपर्यंत त्याची. मध्ये भावोजी माल आणायला मुंबईला गेले. गाळ्याच्या दोन्ही किल्ल्या माझ्या कमरेला होत्या. तेव्हा मी एक युक्ती केली. पटाच्या चारही अंगाला टेबलावर रांगोळी चाळून ठेवली, खिडकीच्या फळीवर आणि शटरच्या आतही चाळली. सकाळी बघते तर रांगोळी जशीच्या तशी. एका कडेला पालीची नखं उमटली होती, तीही पटापर्यंत पोचली नव्हती. वाघ मात्र दोन बकऱ्यांच्या मधून निसटला होता.

मी तिथेच खाली बसले. मग उठले आणि आधी रांगोळी पुसली. भावोजींनी परत येऊन पाहिली असती तर मला वेडीच ठरवलं असतं!

आता ऐका खरी गोष्ट. त्या आठवड्यात माझी एक चाल चुकली. घाईत मी एक बकरी खिडकीकडच्या कडेला मधल्या घरात सरकवली. शेजारी वाघ, पलीकडचं घर मोकळं. घरी आल्यावर तांदूळ निवडताना लक्षात आलं आणि मी स्वतःलाच शिव्या घातल्या. बकरी गेली. सकाळी ती मेलेली दिसणार.

सकाळी बकरी होती तिथेच. वाघ तिला सोडून दुसरीकडेच गेला होता.

म्हटलं, हा कसला खेळाडू... तोंडाशी आलेली बकरी सोडतो! आणि मग खिडकीतून नदी दिसली आणि अंगावर सर्रकन काटा आला.

आमच्या वाडीत एक नियम होता. ज्या अंगाला नदी, त्या कडेचं मधलं घर म्हणजे पाणी. बकरी पाण्यावर आली की तिला हात लावायचा नाही. 'पाण्यावर वाघ मारत नाय', असं लहान पोर पण म्हणायचं. हा नियम दुसरीकडे मी कुठेच ऐकला नाही. भावोजींनी उतरवलेल्या कागदात नाही. सुताराला माहीत नाही. ह्यांचं गाव खाली खोऱ्यात, तिथेही नाही. लग्न होऊन आल्यापासून हा शब्द माझ्या तोंडून निघालेला नव्हता, कारण खेळणार कोणाशी?

म्हणजे जो कोणी खेळत होता, तो आमच्या डोंगरावरचा होता. निदान आमच्या डोंगरावर खेळलेला होता. त्या दिवशी मी दिवसभर पार्सलचा दोरा हातात घेऊन त्याच्याकडे बघत होते. कोण रे तू?

भावोजी परत आले ते नवीनच खूळ घेऊन. "मोठ्या कंपन्या वर्षाच्या शेवटाला गिऱ्हाइकांना पत्र लिवतात, वैनी. यंदा काय केलं, पुढल्या साली काय करणार. आपण पण साइटवर टाकू." दुपारभर टाइप करून त्यांनी वाचून दाखवलं, "'आपल्या अलोट प्रेमामुळे हे वर्ष आम्हाला भरभराटीचं गेलं...'"

मी तोंडाला पदर लावला.

"हसता काय?"

"अलोट म्हंजे किती हो? गणपतीत एक कॅरम गेला, आन् पुण्याच्या त्या बाईला बुद्धिबळाचा पट. तिनं तो पण परत धाडला."

"मग काय लिवू? धंदा बसला म्हणून?"

"जे हाय ते लिवा."

त्यांनी सगळं पुसलं. "बरं, तुम्ही सांगा. पुढल्या वर्षाची आशा काय लिवू?"

"कम्प्युटर ऱ्हावा," मी म्हटलं. "दुकान ऱ्हावं."

त्यांनी तसंच लिहिलं. आणि मग, मला का कोण जाणे, बोलावंसं वाटलं. कातळावरचा पट, कोळशाच्या रेघा, नदीकडचं पाण्याचं घर — सगळं सांगितलं. ते भराभर टाइप करत होते. खाली अर्धवट खेळलेल्या पटाचा फोटो लावला. सकाळच्या चाली मात्र मी सांगितल्या नाहीत.

तीन-चार दिवसांनी भावोजी ओरडतच आले. एका रिसॉर्टवाल्याने ते पत्र वाचलं होतं. त्याला प्रत्येक खोलीत असा एक पट ठेवायचा होता. पण आधी नमुना हवा, आणि तो फोटोतलाच. तसंच लाकूड, तसंच काम आहे का ते हातात घेऊन बघणार, मग बाकीची ऑर्डर आणि आगाऊ पैसे. नमुना वर्ष संपायच्या आत पोचला पाहिजे.

"कम्प्युटर वाचला, वैनी!" भावोजी सोंगट्या गोळा करायला पुढे झाले.

"हात लावू नका!"

मी एवढ्या मोठ्याने बोलले की दोघेही दचकलो.

"आवो, कुरियरवाला येतोय."

"उद्या सकाळी बांधते."

"उद्या कशाला? गिऱ्हाईक हातचं गेलं तं? दादा काय म्हणालाय ते ठावं हाय ना तुम्हाला?"

"ठावं हाय. उद्या सकाळी. येक दिस द्या मला."

ते चिडून निघून गेले. त्यांचं काय चुकलं? पण अर्धा खेळ आमच्यात कोणी मोडत नाही. दिवस बुडायला आला आणि शेळ्या घरी न्यायच्या असल्या की बकऱ्या खेळणारा हाक मारतो, "दिस कलला". वाघवाल्याला पटलं तर तो वाघ उचलून पाण्यावर ठेवतो, मग कोणी हरलं नाही, कोणी जिंकलं नाही. नाही पटलं तर खडे तसेच राहतात आणि उद्या पुढे चालू.

त्या संध्याकाळी मी माझी चाल केली आणि पटासमोर उभी राहून मनातल्या मनात म्हटलं, दिस कलला. आणि घरी आले.

सकाळी वाघाने आपली नेहमीसारखी चाल केली होती.

भावोजी शटरपाशीच उभे होते. "बांधा आता."

"अजून एक दिस."

"वैनी, तुम्हाला झालंय काय? परवा पोचलं नाय तर संपलं सगळं!"

मला रडू आलं. काय सांगणार होते मी त्यांना? खोकं आणून ठेवलं, दोरा कापून ठेवला आणि म्हटलं, "सकाळच्या पहिल्या गाडीला मी सोता नेऊन देते. शपथ." ते मान हलवून गेले.

दिवसभर विचार करत होते की चुकलं कुठे. दुपारी गल्लीतून एका बाईने तिच्या पोराला हाक मारली आणि मला उमगलं. डोंगरात मनातल्या मनात कोण हाक मारतं? आमची हाक या टेपावरून, म्हणजे टेकडीवरून, त्या टेपावर जायची.

संध्याकाळी लोडशेडिंगने वीज गेली होती. गल्लीत माणसं होती, शेजारचा शिंपी दारात बसला होता. मी खिडकीकडे तोंड केलं आणि लहानपणी मारायचे तशी हाक मारली, "दिस कलला रेऽऽऽ!"

शिंपी डोकावला. "काय झालं वो वैनी?"

"काय नाय," म्हटलं, आणि शटर ओढलं. कानशिलं नुसती तापली होती.

सकाळी उजाडताच गाळा उघडला. वाघ पाण्यावर होता. आदल्या दिवशी होता तिथून चालीने तो तिथे येऊच शकत नव्हता, मध्ये बकऱ्या होत्या. कोणीतरी उचलून ठेवावा तसा, नीट घराच्या मधोमध ठेवलेला. एकही बकरी हललेली नव्हती. मी पटाला हात जोडले, एकेक सोंगटी उचलली, खोकं बांधलं आणि पहिल्या गाडीने धाडलं.

पट वेळेत पोचला, पसंत पडला. सुतार महिनाभर रंधा मारत होता.

पुढे माहेरी गेले तेव्हा बाबांना विचारलं, "आपल्यात वाघ चांगला कोण खेळायचं?"

"लय जण. किती ऱ्हायलेत, किती गेले. का गो? खेळ अर्धा ठेवलास काय कुठं?"

"नाय," मी म्हटलं.

त्यानंतर मी गाळ्यात दुसरा पट मांडून बघितला, खिडकीपाशी, तसाच. महिनाभर ठेवला. धूळ बसली, सोंगटी हलली नाही. तो कोण होता, तोच पट त्याला का हवा होता, माझ्याशीच का खेळला — आजपर्यंत मला कळलेलं नाही. कोणाला असा अनुभव आला असेल तर तेवढं वाचायला मला आवडेल.

शिमग्याच्या आधी गटाची बैठक होती. मी पहिल्यांदाच पुढे जाऊन बसले आणि कुसुमताईंच्या समोर पैसे ठेवले. त्यांनी दोनदा मोजले.

"व्याजासकट?"

"व्याजासकट," मी म्हटलं. पार मागे बसलेल्या बायकांनाही ते ऐकू गेलं. कुसुमताईंनी माझ्या नावापुढे रेघ मारली. सगळे हप्ते फिटले.